कूर्मदृष्टि

माणसाच्या पंचेंद्रियांत डोळा हें सर्वांत निरुपद्रवी इंद्रिय आहे, असा एक समज आपल्या मनांत फार खोल रुजलेला आहे. जीभ जें घेते तें नाहींसें होतें; हात ज्याला लागतो तें मळतें. डोळा मात्र हवें तेवढें घेतो आणि वस्तु जेथल्या तेथें जशीच्या तशी ठेवून परत येतो, असें आपण धरून चालतों. "नुसतें पाहिलें, घेतलें कांहीं नाहीं" हें वाक्य लहान मुलापासून मोठ्या प्रवाशापर्यंत सर्वांच्या तोंडीं निर्दोषतेचा दाखला म्हणून येतें. अलीकडच्या प्रवासाचा निम्मा संसार ह्याच समजुतीवर उभा आहे. अरण्यांत जाऊन वाघ मारणें हें पाप ठरलें, तेव्हां त्याच अरण्यांत त्याच वाटेनें जाऊन त्याच वाघाला पाहणें हें पुण्य ठरलें; शिकाऱ्याची जागा प्रेक्षकानें घेतली आणि बंदुकीची जागा छायाचित्रयंत्रानें. हा बदल चांगला झाला यांत शंका नाहीं. परंतु बदल चांगला झाला म्हणजे प्रश्न मिटला असें होत नाहीं. पाहणें हें खरोखरच कांहीं न घेणें आहे काय, आणि नसेल तर पाहणारा कोणाचें काय देणें लागतो, हें विचारावयाचें राहतेंच.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर लिंकनशायर परगण्यांत डोना नूक म्हणून एक जागा आहे. तेथें दर वर्षीं नोव्हेंबर-डिसेंबरांत करड्या सीलांच्या माद्या वाळूवर येऊन वितात, आणि त्यांचीं पांढऱ्या लवेचीं पिलें पाहावयास हजारों माणसें कडाक्याच्या थंडींत वाळूच्या टेकड्यांच्या कडेनें पायीं चालत जातात. टेकड्यांच्या पायथ्याशीं लांकडी कुंपण आहे. अलीकडे माणसें, पलीकडे सील. नवल असें कीं, तीच जागा ब्रिटिश विमानदळाची बाँबफेकीच्या सरावाची जागा आहे. विमानांच्या गर्जनेला सरावलेली ती आई माणूस फार जवळ गेला तर मात्र बिथरते, आणि बिथरलेली आई पिलाला टाकून जाऊं शकते. ब्रिटनांत ह्या सीलांच्या रक्षणाचा कायदा १९१४ सालीं झाला, तो शिकाऱ्यांच्या भीतीनें. आज कुंपण घालावें लागतें तें चाहत्यांच्या भीतीनें. आपल्या समुद्रांत सील नाहीं. (मराठींत त्याला पुष्कळदां "सील मासा" म्हणतात, तो मासाहि नाहीं.) परंतु जो प्रश्न त्या कुंपणापाशीं उभा राहतो तोच आपल्या कोंकणांत एका दोराशीं उभा राहतो, आणि तो दोर मीं पाहिला आहे.

रत्नागिरी जिल्ह्यांत मंडणगड तालुक्याच्या उत्तर टोंकाला, बाणकोटच्या खाडीजवळ, वेळास नांवाचें गांव आहे. पेशवाईच्या इतिहासांत तें नाना फडणविसांचें मूळ गांव म्हणून येतें. गेल्या वीस वर्षांत मात्र तें कासवांचें गांव म्हणून ओळखलें जाऊं लागलें आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या हिंवाळ्यांत रात्रीच्या वेळीं ह्या किनाऱ्यावर येतात, मागच्या पायांनीं हातभर खोल खड्डा खणतात, त्यांत शंभर-सवाशें अंडीं घालतात, वर वाळू लोटून ती अंगाच्या भारानें चेपतात, आणि समुद्रांत परत जातात. पुन्हां त्या खड्ड्याकडे फिरकत नाहींत. पूर्वीं हीं अंडीं माणसें काढून नेत, आणि माणसांच्या हातून राहिलीं तर कोल्हीं-कुत्रीं उकरीत. चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र ह्या संस्थेचे श्री. भाऊ काटदरे व त्यांचे सहकारी २००२ सालीं समुद्रगरुडाच्या अभ्यासासाठीं किनाऱ्यानें हिंडत असतां त्यांना वेळासच्या वाळूंत कासवाच्या अंड्यांचीं टरफलें दिसलीं, आणि पुढचें सर्व तेथून घडलें. अंडीं हलकेंच काढून किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेंत तितक्याच खोल खड्ड्यांत पुरावयाचीं; ह्या जागेला गांवांत "हॅचरी" म्हणतात. सुमारें पन्नास दिवसांनीं पिलें वर येतात, तीं समुद्रांत सोडावयाचीं. हा सोडण्याचा प्रसंग लोकांना पाहावयास मिळावा म्हणून २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गांवकऱ्यांच्या घरीं उतरतात, त्यांच्या पंक्तीला जेवतात, आणि सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर जातात. हाच पाठ पुढें आंजर्ले, गुहागर अशा दुसऱ्या किनाऱ्यांवरहि गिरविला गेला.

ह्या पाहुण्यांत पुण्यामुंबईचे लोक पुष्कळ असतात. मी स्वतः मुळशी तालुक्यांतील माण ह्या गांवीं राहतों. हिंजवडीला लागून असलेल्या ह्या गांवाच्या शेतांवर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणकाच्या कचेऱ्या आणि वीस-वीस मजल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि रात्रीचा काळोख जवळजवळ संपला. नाना प्रांतांतून येथें आलेलीं माणसें आठवड्याचे पांच दिवस कांचेच्या आड काढतात. शुक्रवारीं संध्याकाळीं त्यांच्या मोटारी घोटावडें, पौड, ताम्हिणी ह्या वाटेनें कोंकणाकडे निघतात. वाटेंत मुळशीचें तळें लागतें. चांदण्यांत तें फार सुंदर दिसतें, आणि बहुतेक मोटारी तेथें क्षणभर थांबतात. ह्या पाण्याखालीं गेलेल्या गांवांसाठीं १९२१ सालीं सेनापति बापटांनीं सत्याग्रह केला होता. तरीहि धरण झालें, आणि त्याच्या विजेनें मुंबईचे दिवे लागले. पाण्याच्या पृष्ठभागावर ह्यांतलें कांहींच दिसत नाहीं. डोळ्याची निर्दोषता किती अंशीं त्याच्या अज्ञानावर अवलंबून असते, ह्याचा विचार करावयास ही जागा वाईट नाहीं. पण मोटारींतल्या मुलांना भूक लागलेली असते आणि माणगांव अजून दूर असतें.

वेळासला गांवांतून किनाऱ्यापर्यंत पायीं जावें लागतें. मार्च महिन्यांतली ती सकाळ होती. सुरूच्या झाडांतून बाहेर आलों तों वाळूवर शे-दीडशें माणसें आधींच जमलीं होतीं. दोर बांधलेला होता. दोराच्या पलीकडे जाऊं नये, विजेरी लावूं नये, पिलांना हात लावूं नये, एवढें गांवच्या एका तरुणानें स्पष्ट आवाजांत सांगितलें आणि मग एकेक टोपली उचलून पाहिली. कांहीं दिवशीं एकाहि टोपलीखालीं पिलूं निघत नाहीं व लोक हिरमुसून परत जातात. त्या दिवशीं तीन निघालीं. लिंबाएवढें काळसर शरीर, त्याच्या मानानें फार मोठे पाय. वाळूवर ठेवल्याबरोबर तीं क्षणभर थबकलीं, मग समुद्राकडे वळलीं. शेवटच्या वीस हातांत एका पिलाला लाटेनें दोनदां परत आणून टाकलें. दोन्ही वेळां तें पालथें होऊन उठलें आणि पुन्हां त्याच दिशेनें चालूं लागलें. तोंवर कोणी बोललें नाहीं. माझ्या शेजारीं उभ्या असलेल्या एका सात-आठ वर्षांच्या मुलानें आईला विचारलें, "ह्याची आई कोठें आहे?" आईनें त्याला गप्प केलें, कारण ती मोबाईलवर चित्र घेत होती. पण त्या प्रसंगीं विचारण्यासारखा प्रश्न तोच होता.

आतां हिशेब मांडून पाहूं. पिलें स्वभावतः रात्रीं वर येतात. वाळूचा वरचा थर निवाला म्हणजे दिवस मावळल्याची खूण त्यांना मिळते. जन्मतांना त्यांनीं बरोबर आणलेली शिदोरी म्हणजे अंड्यांतील उरलेला बलक. तिच्या जोरावर पहिला सारा दिवस तीं न थांबतां पोहत खोल पाण्याकडे जातात. म्हणजे टोपलीखालीं धडपडण्यांत गेलेली प्रत्येक घटका ह्या शिदोरींतून खर्च पडते. मग सकाळीं सातची वेळ कोणाची? रात्रीं दोन वाजतां वर आलेलें पिलूं सातपर्यंत खोळंबलें, तर तें आमच्या झोपेसाठीं आणि आमच्या उजेडासाठीं खोळंबलें, असेंच म्हणावें लागेल. रक्षकांना दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. मूठभर माणसांनीं महिनोन्महिने रात्रभर टोपल्या पाहत हिंडावें ही अपेक्षा खुर्चींत बसून करणें सोपें आहे. आणि टोपली नसेल तर कुत्रीं व खेकडे वाट पाहत असतातच. पण वेळ ठरविणारा कोण, ही गोष्ट लहान नाहीं. ऐरोलीस वनखात्याच्या कांदळवन विभागानें २०१७ सालीं एक किनारी व सागरी जैवविविधता केंद्र उघडलें आहे. तेथें माहितीचीं दालनें पाहून मग होडींतून ठाण्याच्या खाडींतील रोहित पक्षी पाहावयास जातां येतें. तेथें होडी केव्हां निघावयाची तें भरती-ओहोटी ठरविते. आज सहा वाजतां, तर उद्यां नऊ वाजतां. माणसानें आपली सवड घेऊन तेथें यावें. पाहण्याच्या ह्या दोन तऱ्हांत मला जो फरक वाटतो तो सौजन्याचा आहे. एकींत आपण पाहुणे म्हणून जातों. दुसरींत यजमानाला आपल्या सोयीनें उठवितों.

ह्यावर उत्तर तयार आहे, आणि तें दुबळें नाहीं. पाहुणे नसते तर पैसा नसता. पैसा नसता तर कुंपण, पहारा, टोपल्या कांहींच नसतें, आणि अंडीं पूर्वींप्रमाणें बाजारांत गेलीं असतीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत हें कासव आहे. म्हणजे कायदा त्याला वाघाच्या पंक्तीस बसवितो. पण कायद्याचे हात वेळासच्या वाळूपर्यंत रात्रीं दोन वाजतां पोंचत नाहींत; गांवच्या माणसाचे पोंचतात. हजारांत एखादेंच पिलूं मोठें होतें असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अशा स्थितींत चार घटकांचा खोळंबा हा जगण्याच्या संधीवरचा लहानसा कर आहे, तो भरून पिलांचा फायदाच होतो, असें हा पक्ष म्हणेल. मीं ही आकडेमोड पुष्कळदां करून पाहिली आणि ती बरोबर येते. तरीहि ती माझें समाधान करीत नाहीं, आणि बरोबर आलेल्या हिशेबानें समाधान कां होऊं नये, हें मला शोधावेंसें वाटलें.

एक कारण असें कीं, ह्या हिशेबांत प्रेक्षक हा उपकारकर्ता म्हणून उभा राहतो. त्यानें पैसे दिले, पिलूं वांचलें, तो घरीं गेला. पण हाच प्रेक्षक दुपारीं जेवावयास बसतो. कासव हवेवर श्वास घेणारा प्राणी आहे. समुद्राचा तळ खरवडीत जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यांत तें सांपडलें आणि जाळें वेळीं वर आलें नाहीं, तर तें पाण्यांत राहणारें असून पाण्यांत गुदमरून मरतें. यावर उपाय आहे: जाळ्याच्या घशांत गज बसवून कासवाला बाहेर पडावयास दार ठेवतां येतें, आणि कोळंबी गजांतून आंत जाते. आपल्याकडील यांत्रिक नौकांवर ही सोय पुरेशी नाहीं म्हणून अमेरिकेनें २०१९ सालीं आपली समुद्रांतली कोळंबी घेण्याचें थांबविलें. त्यांचा तसा कायदा १९८९ पासून आहे. आपल्या ताटांतील कोळंबी कोणत्या जाळ्यांतून आली हें मात्र आपण कधीं विचारीत नाहीं. ज्या घरीं मी उतरलों होतों तेथें दुपारीं कोळंबीचें कालवण होतें, आणि तें फार उत्तम होतें. पंक्तीला बसलेल्या सर्वांनीं सकाळच्या तीन पिलांचीं चित्रें एकमेकांना दाखवीत तें खाल्लें. ह्यांत कोणी दुष्ट नव्हतें. परंतु डोळा आणि जीभ एकाच माणसाचीं असून त्यांची ओळख नसावी, ह्याला निर्दोषता म्हणावयास मला जड जातें.

दुसरें कारण अधिक खोल आहे, आणि तें त्या मुलाच्या प्रश्नापाशीं नेतें. आपल्या संतवाङ्मयांत कूर्मदृष्टीचा दृष्टांत ठिकठिकाणीं येतो. कासवीला स्तन नाहींत, पंख नाहींत. ती पिलांना नुसत्या दृष्टीनें पोसते, तशी ईश्वराची कृपादृष्टि भक्ताला पोसते, असा त्याचा आशय. वेळासच्या वाळूवर उभें राहिलें म्हणजे हा दृष्टांत प्राणिशास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीं हें तत्काळ कळतें. कासवी आपल्या पिलांना कधींच पाहत नाहीं. अंडीं घालतांना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतें, त्याला लोक रडणें म्हणतात. तें शरीरांतलें जादा मीठ बाहेर टाकणें आहे. तंत्रग्रंथांत हा दृष्टांत थोडा निराळा आहे: पक्षीण स्पर्शानें पोसते, मासोळी दृष्टीनें, आणि कासवी केवळ ध्यानानें. दूर समुद्रांत राहून ती वाळूंतल्या अंड्यांचें चिंतन करते आणि तीं उबतात. हेंहि खरें नाहीं. तीं उन्हानें उबतात. पण दोन असत्यांपैकीं एक निवडावयाचें झालें तर तांत्रिकांचें सत्याच्या अधिक जवळ आहे, कारण आई जवळ नसते एवढें तरी त्यांनीं टिपलें होतें.

संतांना कासवीचें चरित्र सांगावयाचें नव्हतें, हें उघड आहे. त्यांना अशा एका दृष्टीविषयीं बोलावयाचें होतें, जी कांहीं मागत नाहीं आणि तरी पोसते. आपली दृष्टि ह्याच्या उलट आहे. ती पोसल्याचें नांव सांगते आणि मागत राहते. तिला पिलूं हवें, तें सकाळच्या चांगल्या प्रकाशांत हवें, तोंड आपल्याकडे वळलेलें असलें तर फारच उत्तम. देवळाच्या सभामंडपांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतें. आपण आंत जातों तेव्हां तें आपल्याकडे पाठ करून असतें. त्याचें तोंड देवाकडे. लहानपणापासून आपण हें पाहत आलों आणि त्याला नमस्कार करून पुढें जात आलों, पण त्याला वळवून आपल्याकडे तोंड करावयास लावावें असें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

वेळासचें पिलूंहि आपल्याकडे पाठ करूनच जातें, आणि ह्याचें कारण अभ्यासकांनीं शोधून ठेवलें आहे. समुद्रावरील क्षितिज जमिनीच्या बाजूपेक्षां सखल आणि उजळ असतें. पिलूं त्या उजेडाकडे जातें, आणि झाडें, टेकाडें अशा उंच काळ्या आकृतींपासून दूर सरतें. म्हणूनच किनाऱ्यावर दिवे लागले कीं तें चुकून गांवाकडे चालूं लागतें आणि मरतें. आतां दोराशीं उभे असलेले आपण त्याला कसे दिसत असूं? एक काळी उंच रांग, जिच्यापासून दूर गेलें पाहिजे. आपल्या साऱ्या कौतुकाचा, साऱ्या करुणेचा त्याच्या लेखीं एवढाच अर्थ. मला ही गोष्ट प्रथम कळली तेव्हां वाईट वाटलें. नंतर ती समाधानाची वाटूं लागली. कारण ह्या दृष्टीनें पाहतां प्रेक्षकाला एक योग्य जागा आहे. तो मागें, जमिनीच्या बाजूला, दिवा न लावतां, स्थिर उभा राहिला तर त्याच्या काळोखाची त्या पिलाला दिशा कळावयास थोडी मदतच होईल. तो पुढें गेला, किंवा त्यानें मोबाईलचा दिवा लावला, तर तोच माणूस घातक होतो. माणूस तोच, प्रेमहि तेंच. फरक पडला तो कोठें उभें राहावयाचें त्याचा. नीतीच्या ग्रंथांत हेतूला जें स्थान दिलेलें असतें तेवढें तें येथें उरत नाहीं, हें मला मान्य करावें लागतें.

ह्या सगळ्याविषयीं गांवचें काय म्हणणें आहे, हें विचारल्यावांचून लिहिणें बरें नव्हे. ज्या घरीं उतरलों होतों तेथील आजी ऐंशीच्या घरांतल्या होत्या. मीं विचारलें, "आजी, पूर्वीं अंडीं खात असत म्हणतात, तें खरें?" त्या म्हणाल्या, "खात होतों कीं. पाप म्हणून कोणी सांगितलें नव्हतें, आणि घरांत दुसरें होतें काय?" मग थोडें थांबून त्यांनीं विचारलें, "तुम्ही इतक्या लांबून येतां तें तीन पिलांसाठीं?" मीं होय म्हटलें. "आम्हांला कासवीण दिसायची. रात्रीची एकटी वर यायची. तुम्हांला ती दिसतच नाहीं." हें खरें होतें. अंडीं खाणारीं तीं माणसें अंधारांत वाळूवर बसून त्या मादीची वाट पाहत, तिचा माग ओळखीत, तिचा श्वास ऐकत. त्यांच्या ओळखींत भूक होती. आमच्या प्रेमांत ओळख नाहीं. ह्यावरून जुनें बरें होतें असें कोणी समजूं नये. अंडीं संपलीं असतीं म्हणजे ती ओळखहि संपली असती. मीं पुढें विचारलें, "उद्यां पाहुणे यावयाचे बंद झाले तर गांव अंडीं राखील काय?" आजींनीं माझ्याकडे असें पाहिलें कीं, हा प्रश्न शहरांतच सुचतो. "वीस वर्षें राखलेली वस्तु टाकून देतां येते होय?" एवढेंच त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडूं लागल्या.

ह्या उत्तरावर मीं पुष्कळ विचार केला आहे. एका आजींच्या शब्दावरून गांवाचा स्वभाव ठरत नाहीं, आणि त्यांच्या नातवाचें मत निराळें असूं शकेल. त्याच्या घराचा वरचा मजला पाहुण्यांच्या पैशांतून झालेला आहे. तरीहि त्यांच्या बोलण्यांत हिशेबवाल्यांनीं न धरलेली एक गोष्ट आहे. लाभासाठीं सुरू केलेलें रक्षण लाभापुरतेंच टिकेल, असें आपण धरून चालतों. पण माणूस रोज रात्रीं उठून एखाद्या वस्तूची राखण करूं लागला म्हणजे कांहीं वर्षांनीं ती राखणच त्याची होऊन जाते. मूळ कारण गळून पडलें तरी ती उरूं शकते. सोबतीसाठीं पाळलेल्या म्हाताऱ्या बैलाला शेतकरी विकत नाहीं, तेव्हां तो हिशेब चुकतो असें नाहीं. त्याचा हिशेब कधींच संपून गेलेला असतो. पाहुण्यांच्या पैशानें असें कांहीं वेळासांत निर्माण केलें असेल, तर आमच्या पाहण्याच्या बाजूनें एवढें पुण्य लिहावें लागेल. मात्र तें पुण्य राखणाऱ्यांच्या खात्यावर आहे.

पाहण्याची एक तिसरी तऱ्हा अलीकडे निघाली आहे. २०२२ च्या जानेवारींत वेळासच्या किनाऱ्यावर आलेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खूण पाठविणारें यंत्र बसविलें. तिचें नांव प्रथमा. मग आंजर्ले व गुहागर येथें आणखी चार माद्यांना तशींच यंत्रें बसविलीं. समुद्रांत जाऊन दिसेनाशा झालेल्या त्या आयांचा प्रवास नकाशावरच्या ठिपक्यांनीं माणच्या खोलींत बसूनहि पाहतां येऊं लागला. तांत्रिकांच्या ध्यानाची आठवण व्हावी असाच हा प्रकार: दूर बसून, न गांठतां, जिचा विचार करावयाचा तिला कांहीं न मागतां पाहणें. पण हेंहि अगदीं फुकट नाहीं. यंत्र बसवीपर्यंत त्या मादीला धरून ठेवावें लागतें, आणि पुढें तें ओझें तिनें वाहावयाचें असतें. मला हें क्षम्य वाटतें, कारण येथें विचारलेला प्रश्न तिच्या हिताचा आहे. ती कोठें जाते हें कळल्यावांचून तिला कोठें जपावयाचें हें कळत नाहीं. ओरिसाच्या किनाऱ्यावर १८ मार्च २०२१ रोजीं ०३२३३ हा क्रमांक कोरलेली साधी पट्टी एका मादीच्या पायांत अडकविली होती. तीच मादी २७ जानेवारी २०२५ रोजीं गुहागरला अंडीं घालतांना सांपडली. पूर्वेचीं कासवें पूर्वेचीं आणि पश्चिमेचीं पश्चिमेचीं, ही आपली वांटणी तिला ठाऊक नव्हती. सबंध द्वीपकल्पाला वळसा घालून येणाऱ्या ह्या आईला एका गांवाच्या दोरानें जपतां येणार नाहीं, हें त्या लहानशा पट्टीनें सांगितलें.

आणि येथेंच न पाहणाऱ्याची निर्दोषताहि संपते. "मी कोठें जात नाहीं, कोणाला त्रास देत नाहीं, कासवें आपलीं सुखी राहोत" असें म्हणणारे माझे शेजारी आहेत, आणि ते स्वतःला प्रेक्षकांपेक्षां सभ्य समजतात. कासवाच्या पिलाचें लिंग जन्मतः ठरलेलें नसतें. तें वाळूच्या उष्णतेवर ठरतें. वाळू थंड असेल तर नर अधिक, तापलेली असेल तर माद्या अधिक; फारच तापली तर अंडेंच मरतें. पृथ्वीची हवा तापत आहे, आणि ती तापविणाऱ्या धुरांत माणच्या मोटारींचा, दिवसरात्र चालणाऱ्या थंड हवेच्या यंत्रांचा वांटा आहे. घरीं बसलेला माणूस वेळासच्या त्या हातभर खोल खड्ड्यांत असा पोंचतो, आणि दोराशीं उभ्या असलेल्या माणसापेक्षां तो अधिक आंत पोंचतो. त्याला तेथें अडविणारा गांवचा तरुण नाहीं. मग जाऊन पाहणारा बरा कीं न जाणारा? माझा कल जाणाऱ्याकडे आहे. त्याच्या बाबतींत निदान एवढी शक्यता आहे कीं, पाहिलेली वस्तु त्याला जेवतांना, दिवा मालवतांना कधीं तरी आठवेल. न पाहिलेल्याची आठवण ठेवावयास आजींच्या कासविणीइतकी जुनी ओळख लागते, आणि ती आमच्यापाशीं नाहीं.

गांवच्या त्या तरुणाशीं निघतांना माझें थोडें बोलणें झालें. मीं त्याला सुचविलें कीं, महोत्सवांतल्या एखाद्या आठवड्यांत सातची वेळ सोडून द्यावी. पाहुण्यांनीं रात्रीं अंधारांत येऊन वाळूवर मागें बसावें, दिवा नको, मोबाईल नको, पिलें आपल्या वेळीं वर येतील तेव्हां येतील, आणि पुष्कळांना कांहीं दिसणारहि नाहीं. तो हंसला आणि म्हणाला, "न दिसण्याचे पैसे कोण देईल?" मग म्हणाला कीं, गांवाच्या बैठकींत विषय काढून पाहतों, पण रात्रीं पाळी लावावयास आणखी दोन माणसें लागतील. त्या दोन माणसांचा खर्च किती होईल हें मीं त्याला विचारून घेतलें. माणच्या आमच्या वसाहतींत दीडशें घरें आहेत. तो खर्च दर घरामागें किती येतो, हें मीं फाटकाजवळच्या फळ्यावर लिहून ठेवलें आहे, आणि खालीं नांवें घालावयास जागा सोडली आहे. अजून चार नांवें आलीं आहेत.